‘९५ टक्के सेफ आहे, मामा!’ : व्हेप आणि सिगारेटचा खरा हिशोब

धुणं मशीनमध्ये टाकताना ताईला भाच्याच्या जीन्सच्या खिशात दोन वस्तू सापडल्या आणि तिने मला फोन केला. "हायलायटर आहेत का रे हे? पण वास आंब्याचा येतोय." मी पोचलो तेव्हा दोन्ही वस्तू जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी मांडून ठेवल्या होत्या. एक जांभळी, एक हिरवी. व्हेप होते ते, म्हणजे ई-सिगारेटी. भाचा समोर बसलेला. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. ताईने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मामा, तू अकरा वर्षं सिगारेट ओढलीस ना? हे त्याच्यापेक्षा ९५ टक्के सेफ आहे. ब्रिटिश सरकार सांगतं."

चिडायला हवं होतं, पण वाक्य साफ खोटं नव्हतं, हीच पंचाईत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ साली तसंच काहीसं म्हटलं होतं. हा आकडा आला कुठून, तो कोणाला लागू होतो, आणि पुण्यात बसून कुरियरने मागवलेल्या जांभळ्या नळीला तो लागू होतो का, हे त्या संध्याकाळी मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. जमलं अर्धंमुर्धंच. उरलेलं इथे सांगतो.

हिरवी नळी संपलेली होती. ती मी स्क्रू ड्रायव्हरने उघडली. (घरी करू नका. आत लिथियमची बॅटरी असते, शॉर्ट झाली तर पेट घेते.) आत बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी बॅटरी, हवेचा झोत ओळखणारा एक बारका सेन्सर, चिकट तपकिरी रसात भिजलेला कापसासारखा बोळा, आणि त्या बोळ्याला लागून केसाएवढ्या तारेचं वेटोळं. संपलं. तोंडाने ओढलं की सेन्सर बॅटरी चालू करतो, तार तापते, बोळ्यातला रस उडतो आणि आपण तो फुप्फुसात घेतो.

रसात मुख्यतः चार गोष्टी असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासासाठीची रसायनं. पहिल्या दोन तुम्ही पाहिलेल्या आहेत. लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला मशीनमधून पांढरे ढग सोडतात, ते बहुधा याच जातीच्या द्रवाचे असतात. म्हणजे व्हेपमधून निघते ती चहाच्या कपावरची वाफ नव्हे. ते अतिसूक्ष्म थेंब असतात, धुक्यासारखे, आणि फुप्फुसाच्या पार तळाशी पोचण्याइतके बारीक.

सिगारेटमध्ये असं यंत्रबिंत्र काही नाही. तिथे तंबाखू जळते. झुरका घेताना सिगारेटचं लाल टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं. त्या भट्टीत पानातल्या सगळ्याचं काहीतरी दुसरंच होतं. सिगारेटच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं मोजली गेली आहेत आणि त्यातली ७० च्या आसपास कर्करोग करणारी आहेत. त्यात टार, म्हणजे तो काळा चिकट थर. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांना मारणारा वायू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि तेवढ्यासाठी हृदयाला जादा राबावं लागतं. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून टार नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकल रसेल यांनी १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं की लोक सिगारेट ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे. व्हेपचं सगळं समर्थन त्या एका वाक्यावर उभं आहे, आणि वाक्य बरोबर आहे.

मग अडचण काय? अडचण घड्याळाची आहे.

सिगारेटने कितव्या वर्षी तोंड उघडलं

सिगारेट घरोघरी पोचली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. समजा १९२५ साली लंडनमधल्या एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं, "सिगारेटने काय होतं?" तर तो म्हणाला असता, थोडा खोकला होतो. त्याच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता. फुप्फुसाच्या कर्करोगाची लाट त्यानंतर वीसेक वर्षांनी उसळली, आणि ती आली तरी कारण कोणाला उमगेना. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत शोध सुरू केला तेव्हा डॉल यांचा पहिला संशय होता रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर. रुग्णांना विचारता विचारता उत्तर दुसरंच निघालं. अभ्यास पुरा व्हायच्या आधीच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५० साली निष्कर्ष छापून आले.

तरी लोकांना पटेना. म्हणून १९५१ साली या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली : तुम्ही ओढता का, किती ओढता? ३४,००० हून जास्त पुरुष डॉक्टरांची माहिती जमली आणि मग सुरू झालं नुसतं वाट पाहणं. कोण कधी आणि कशाने जातो, याची नोंद ५० वर्षं चालली. २००४ साली अखेरचा हिशोब आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो. ६० व्या वर्षी सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, ५० व्या वर्षी सहा, ४० व्या वर्षी नऊ, आणि ३० व्या वर्षी सोडली तर जवळपास सगळीच.

व्हेपची अशी वही अजून कोणाकडे नाही. आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमाराला बनवली. तो स्वतः भरपूर ओढायचा आणि त्याच्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. युरोप-अमेरिकेत हे यंत्र पसरलं २०१० च्या आसपास. सुरुवातीचे गिऱ्हाईक बहुतेक जुने सिगारेटवाले, त्यामुळे त्यांच्या फुप्फुसात जे सापडेल ते सिगारेटचं की व्हेपचं, हे वेगळं करता येत नाही. ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही, थेट व्हेपच धरला, अशी पहिली मोठी पिढी आज विशीत-तिशीत आहे. फुप्फुसाचा कर्करोग साधारण पन्नाशी-साठीत दार वाजवतो. "व्हेपने कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही" हे वाक्य म्हणून खरं असतं, आणि १९२५ साली सिगारेटबद्दलही ते तितकंच खरं होतं.

थोडं न्यायाने बोलायचं तर आपण १९२५ सालात बसलेलो नाही. रोग दिसायची वाट न पाहता रक्तात आणि लघवीत काय उतरतंय हे आता मोजता येतं. ब्रिटनमध्ये १८१ जणांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूत एक कुख्यात कर्करोगकारक असतो. सिगारेट सोडून बराच काळ फक्त व्हेपवर असलेल्यांच्या लघवीत त्याची खूण ९७ टक्क्यांनी कमी सापडली. हा फरक प्रचंड आहे. त्याच अभ्यासात तिसराही एक गट होता, दोन्ही ओढणाऱ्यांचा. त्यांच्यात फारसा फरक पडलेला नव्हता. हा तिसरा गट लक्षात ठेवा.

९५ चा जन्म

२०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी डझनभर तज्ज्ञ एका खोलीत बसले. त्यांनी निकोटीन देणाऱ्या वेगवेगळ्या वस्तूंना नुकसानीचे गुण दिले : मृत्यू, आजार, व्यसन, खर्च, इतरांना त्रास, अशा बऱ्याच निकषांवर. सिगारेटला शंभराच्या जवळ गुण मिळाले, ई-सिगारेटला चारच्या आसपास. म्हणजे हे मोजमाप नव्हतं, अनुभवी माणसांनी मिळून केलेला अंदाज होता, आणि त्याला भक्कम आकडेवारीचा आधार नाही हे त्या तज्ज्ञांनीही लपवलं नव्हतं. पुढच्या वर्षी पब्लिक हेल्थ इंग्लंडने, म्हणजे त्याच सरकारी आरोग्य संस्थेने, तो अहवालात घेतला आणि आकडा जगभर फिरला. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच संपादकीय लिहून विचारलं की एवढ्या मोठ्या विधानाखाली एवढाच पाया? २०२२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने सरकारसाठी नवा आढावा घेतला, त्यात भाषा सावध झाली होती : नजीकच्या आणि मधल्या काळात व्हेपचा धोका सिगारेटच्या धोक्याचा लहानसा अंश आहे. लांबच्या काळाबद्दल ते वाक्य काही बोलत नाही.

माझं मत विचाराल तर अंदाजाची दिशा बरोबर आहे. जळणारी तंबाखू इतकी भयानक आहे की तिच्या तुलनेत बहुतेक काहीही बरंच ठरेल. आयुष्यभर ओढणाऱ्यांतला निदान अर्धा भाग तंबाखूनेच मरतो. बाजारात असलेल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूचा असा लौकिक आहे?

पण ‘९५ टक्के कमी घातक’ आणि ‘९५ टक्के सेफ’ यांत भाच्याने गल्लत केली होती, आणि ती जवळजवळ सगळे करतात. विरार फास्टच्या टपावर बसलेल्या माणसाला "अरे, निदान दारात तरी उभा राहा" म्हणणं शहाणपणाचं आहे, त्याचा जीव वाचेल. पण जो लोकलमध्ये चढलेलाच नाही त्याला दारात लटकायला बोलवायचं, तर कारण काय सांगणार? ब्रिटनचा सल्ला टपावरच्या माणसासाठी होता. भाचा फलाटावर उभा होता.

फुप्फुस

फुप्फुसाबद्दल दोन गोष्टी फार फिरतात आणि दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात.

एक म्हणजे ‘पॉपकॉर्न लंग’. २००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांच्या श्वासनलिकांच्या बारीक फांद्या कायमच्या आक्रसल्याचं उघड झालं. लोण्याच्या वासासाठी वापरत होते ते डायअसिटिल नावाचं रसायन, दिवसभर श्वासावाटे आत जात होतं. खाल्लं तर पचतं, हुंगलं तर घात. पुढे तेच रसायन व्हेपच्या अनेक गोड वासांत सापडलं आणि बातम्या झाल्या. खरं तर सिगारेटच्या धुरात ते त्याहून जास्त असतं. ब्रिटनमध्ये व्हेपच्या रसात ते घालायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेप ओढला की पॉपकॉर्न लंग’ असं व्हॉट्सअॅपवर येतं तसं नाही. पण या प्रकरणातला धडा मोठा आहे : पोटासाठी मान्य असलेली वस्तू फुप्फुसासाठी मान्य असतेच असं नाही. आंब्याचा, बबलगमचा, ब्लूबेरीचा वास देणारी रसायनं खाद्यपदार्थांत चालतात म्हणून तपासलेली आहेत. रोज दोनशे वेळा, वीस वर्षं, गरम करून फुप्फुसात घेतली तर काय होतं, हे तपासून ती कोणी बाटलीत भरलेली नाहीत.

दुसरी गोष्ट २०१९ ची. अमेरिकेत धडधाकट तरुण मुलं खोकला, धाप, उलट्या घेऊन रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले होते. मृत्यू झाले ६८. मुख्य गुन्हेगार निघाला व्हिटॅमिन ई अॅसिटेट, म्हणजे काळ्या बाजारात गांजाच्या अर्काच्या व्हेप-नळ्यांत तो दाट दिसावा म्हणून मिसळलेलं तेलकट द्रव्य. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात ते सापडलं. व्हेपचे समर्थक म्हणतात, "बघा, साध्या निकोटीनच्या व्हेपचा दोष नव्हता." बहुतांशी खरं आहे. फक्त आपल्याकडे जे विकलं जातं ते सगळंच काळ्या बाजारातलं आहे, हे ते विसरतात. त्याकडे येतोच.

रोजच्या पातळीवर जे दिसतं ते कमी नाट्यमय आहे. व्हेप ओढणाऱ्या तरुणांत खोकला, छातीत घरघर, दम्याचा त्रास वाढण्याच्या तक्रारी न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतात. घसा आणि तोंड कोरडं पडतं, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंशही त्या थेंबांत उतरतात. २०१८ साली अमेरिकेत ५६ जणांची यंत्रं तपासली तेव्हा ते मोजलं गेलं.

आणखी एक गंमत, प्रयोगशाळेतली. २०१५ साली एका अभ्यासात व्हेपमधून भरपूर फॉर्माल्डिहाइड निघाल्याचं सांगितलं गेलं आणि मथळे झाले, ‘सिगारेटपेक्षा वाईट’. तपशील असा होता की यंत्र जास्त व्होल्टेजवर चालवलं होतं. कमी व्होल्टेजवर ते सापडलंच नव्हतं. टीकाकार म्हणाले, इतकं तापवलं तर माणूस ते ओढणारच नाही, जळकट चव येते. मी हे सांगत होतो तेव्हा भाचा पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, "हो, कॉइल, म्हणजे ते तारेचं वेटोळं, जळली की घशाला चटका बसतो, फेकून द्यावी लागते." म्हणजे टीका बरोबर होती. आणि फेकायच्या आधीचे चार-पाच झुरके त्याने घेतलेले होते, हेही त्यातूनच कळलं.

उंदरांचंही सांगायला हवं, कारण तेही फिरतं. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये ४० उंदरांना ५४ आठवडे निकोटीनच्या व्हेपमध्ये ठेवलं. नऊ जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि अख्खं अंग त्या धुक्यात असणं म्हणजे झुरका घेणं नव्हे. पण निव्वळ पाण्याची वाफ असती तर असं झालं नसतं.

हृदय

जून २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित हृदयरोगविषयक नियतकालिकात आलं की व्हेप ओढणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके जास्त येतात. गाजावाजा झाला. मग कोणीतरी मूळ आकडे उघडले. झटका आलेल्यांपैकी अनेकांना तो व्हेप सुरू करण्याच्या आधीच आलेला होता! काहींनी तर झटका आला म्हणूनच सिगारेट सोडून व्हेप धरला असणार. फेब्रुवारी २०२० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. व्हेपच्या विरोधातलं सगळंच खरं मानणाऱ्या माझ्यासारख्यांना ही चपराक होती.

उलट बाजूने स्कॉटलंडमधल्या डंडीचा प्रयोग. ११४ सिगारेटवाले घेतले, त्यातल्या काहींना व्हेपवर हलवलं. एका महिन्यात त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता मोजण्याइतकी सुधारली. कार्बन मोनॉक्साइड आणि धूर गेल्यावर तसं व्हायलाच हवं. पण निकोटीन राहतंच. ते प्रत्येक झुरक्यासरशी नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. चाळीस वर्षं दिवसातून शेकडो वेळा असं केल्यावर काय होतं, ते ती चाळीस वर्षं गेल्यावरच कळणार.

आता तो तिसरा गट, दोन्ही ओढणारा. माझा एक जुना सहकारी अभिमानाने सांगतो की तो दिवसाला पंधरा सिगारेटींवरून तीनवर आला, बाकी व्हेप. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दृष्टीने थोडा फायदा असेल. हृदयाचं गणित मात्र असं सरळ भागाकाराने चालत नाही. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा हृदयधोक्यातला ४० ते ५० टक्के वाटा आढळला. वीसचा विसावा भाग म्हणजे पाच टक्के, असं आपण धरतो. हृदय ते धरत नाही. तेव्हा व्हेपचा काही फायदा असेल तर तो सिगारेट शून्यावर आणणाऱ्याला. तीनवर आणणाऱ्याने दोन व्यसनं बाळगली आहेत, एवढंच.

रसाची आकडेमोड

व्यसनाबद्दल बोलताना भाचा म्हणाला, "मला सवय नाहीये, मी कधीही सोडू शकतो." हे वाक्य मी स्वतः अकरा वर्षं म्हटलेलं आहे, त्यामुळे वाद घातला नाही. कागद-पेन घेतलं.

जांभळ्या नळीवर छापलं होतं : १२ मिली, ५ टक्के, १२,००० पफ. पाच टक्के म्हणजे एका मिलीत साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. १२ मिलीत ६००. एक सिगारेट ओढली की शरीरात जातं एक ते दीड मिलिग्रॅम. नळीतलं अर्धंच शरीरात उतरतं असं धरलं तरी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० सिगारेटी. दहाच्या पाकिटांत सांगायचं तर २० ते ३० पाकिटं. "किती दिवस पुरते?" मी विचारलं. "दोन आठवडे," तो म्हणाला, आणि कागदाकडे बघत राहिला. दिवसाला पंधरा-वीस सिगारेटींएवढं निकोटीन. ताईला आकडे कळले नाहीत, पण पोराचा चेहरा कळला.

हे शक्य होतं ते रसायनशास्त्रातल्या एका युक्तीमुळे. जुन्या ई-सिगारेटमधलं निकोटीन घशाला टोचायचं, जास्त ओढलं तर ठसका लागायचा. तो ठसका हाच ब्रेक होता. २०१५ नंतर ‘निकोटीन सॉल्ट’ आलं, म्हणजे निकोटीनमध्ये बेन्झोइक आम्लासारखं सौम्य आम्ल मिसळायचं. टोचणी गेली, ब्रेक गेला. आता पन्नास मिलिग्रॅमचा रसही आमरसासारखा उतरतो. शिवाय सिगारेट पाच-सहा मिनिटांत संपते, विझवावी लागते, हाताला वास येतो, बाहेर जावं लागतं. या नळीला शेवटच नाही. पांघरुणात, बाथरूममध्ये, लेक्चरला शेवटच्या बाकावर, केव्हाही एक झुरका. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली ओढ मोठेपणी लागलेल्या ओढीपेक्षा चिवट असते. निकोटीनने कर्करोग होतो असं मानलं जात नाही, पण माणसाला बांधून ठेवायचं काम तेच करतं.

आणि या आकड्यांशेजारी ब्रिटनचा नियम ठेवून बघा. तिथे एका मिलीत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, टाकी जास्तीत जास्त २ मिलीची. एकदा वापरून फेकायच्या व्हेपना तर १ जून २०२५ पासून पूर्ण बंदी. भाच्याच्या हातातली वस्तू ब्रिटनमध्ये दुकानात विकताच आली नसती. मग ब्रिटिश सरकारचा ९५ चा दाखला तिला कसा लागू होणार?

आपल्याकडे

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा आला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी भाच्याला इन्स्टाग्रामवरून बाराशे रुपयांत घरपोच मिळाली. कोणी बनवली, आत काय आहे, लेबल खरं की खोटं, हे तपासणारं कोणी नाही, कारण कायद्याच्या लेखी ती वस्तू इथे नाहीच.

आणि टपरीवर सिगारेट उघड मिळते. हा उफराटा न्याय मला खटकतो. पण बंदीमागचं एक कारण मला पटतं, आणि ते समजायला महाराष्ट्राचे आकडे पुरेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय होती. पण विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. तोंडात धरणारे, घासणारे, चघळणारे २४.४ टक्के. आपल्याकडची तंबाखू धुरातून कमी, चुन्यातून जास्त जाते. माझी आजी पहाटे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची, सगळ्या घराला ठसका लागायचा. तिने उभ्या जन्मात सिगारेटला हात लावला नाही. ‘सिगारेटऐवजी व्हेप’ हा ब्रिटनचा तोडगा तिच्या काय कामाचा? इथे व्हेप येईल तो सिगारेटवाल्यांचा उतारा म्हणून कमी आणि कॉलेजातल्या कोऱ्या फुप्फुसांसाठी जास्त.

सोडण्यासाठी व्हेपचा उपयोग होतो का, तर होतो. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवरच्या प्रयोगात वर्षभराने ई-सिगारेटवाल्यांतले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटीनचा गम किंवा पॅच वापरणाऱ्यांतले ९.९ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. पण त्या १८ टक्क्यांतले पाचपैकी चार जण वर्षानंतरही व्हेप ओढत होते. गम-पॅचच्या बाजूला यश मिळालेल्यांतले फक्त ९ टक्के अजून गम-पॅचवर होते. तिथल्या चाळिशीतल्या सिगारेटवाल्याला डॉक्टर व्हेप सुचवतात त्यात मला काही गैर वाटत नाही. इथे तो मार्ग बंद आहे, पण केमिस्टकडे २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मिळतो, डॉक्टर गोळ्या देतात, आणि १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. मी सोडली ती गमवर. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, तिसऱ्या आठवड्यात चहा पुन्हा चहासारखा लागायला लागला.

भाच्याने जांभळी नळी माझ्याकडे दिली, स्वतःहून. बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही म्हणून ती माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, ई-कचऱ्याची गाडी येईपर्यंत. रविवारी तो जेवायला आला होता. अकरा दिवस झाले म्हणाला. निघताना चपला घालता घालता, सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "मामा, ते अजून आहे ना रे तुझ्याकडे?"